कडेला चिकटू नका

गेल्या महिन्यात याच पानावर मी वाचकांना विचारलं होतं, की शहरात रोजच्या कामाला सायकल वापरायची म्हटली तर तुमचं घोडं नेमकं कुठं अडतं? साठ-पासष्ट पत्रं आली. दोघं थेट दुकानात येऊन बसले, आणि एकानं वीजबिलाच्या पाठीमागे प्रश्न लिहून शटरच्या फटीतून आत सारला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: पुण्यात नवी पेठेत वडिलांनी १९६४ साली थाटलेलं सायकलचं दुकान मी चालवते. पूर्वी तासावर सायकली भाड्यानं द्यायचो, आता दुरुस्ती करते आणि जुन्या सायकली घेते-विकते. राहायला कोथरूडला. सकाळी म्हात्रे पुलावरून सायकलनं दुकानात, संध्याकाळी सायकलनं घरी. रविवारी सकाळी मैदानावर बायकांना सायकल शिकवते. वय एकसष्ट, गुडघे अजून मूळचेच.

मी कर्वे रस्त्यानं डेक्कनला ऑफिसला जाते. साडेचार किलोमीटर. सायकल घेऊन दोन महिने झाले. मी अगदी कडेनं चालवते, तरी दोनदा पडता पडता वाचले. एकदा चेंबरच्या जाळीत चाक अडकलं, एकदा रिक्षानं दाबलं. आता अजून किती कडेनं चालवू? – एक वाचक (वय ४१), कोथरूड

कडेनं चालवता म्हणूनच हे झालं, बाई.

हे वाक्य मी रविवारच्या वर्गात दर वेळी म्हणते आणि दर वेळी समोरच्या बायका माझ्याकडे संशयानं बघतात. कारण आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, 'कडेकडेनं जा'. पण रस्त्याची ती कडेची दोन फुटांची पट्टी एकदा उतरून नीट बघा. चेंबरची झाकणं तिथंच. पावसानं वाहून आलेली वाळू तिथंच. डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तो उंचसखल सांधा तिथंच. फुटपाथवरून माणूस खाली उतरतो तो तिथंच, आणि 'इथूनच तर वळायचंय' म्हणून उलट्या दिशेनं येणारा स्कूटरवालाही तिथंच. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की मागच्या रिक्षावाल्याला वाटतं, अरे, जागा आहे की. तो तुमच्या आणि शेजारच्या बसच्या मधून रिक्षा काढतो. तुम्ही तीन फूट आत असाल तर त्याला सुकाणू वळवावंच लागतं, म्हणजे तुमच्याकडे बघावं लागतं. तो हॉर्न वाजवेल. वाजवू दे. हॉर्न वाजवला म्हणजे तुम्ही त्याला दिसलात.

तर फुटपाथपासून तीन फूट सोडून, सरळ रेषेत. दोन मोटारींच्या मध्ये जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढची मोटार आली की परत बाहेर, असं नागमोडी करू नका. मागच्याला तुमचा अंदाज येत नाही.

उभ्या मोटारींपासून मात्र चार फूट. हे मी हाडं मोजून शिकले आहे. १९९६ सालची गोष्ट, टिळक रस्ता, सकाळचे साडेनऊ. एका उभ्या मोटारीचं दार उघडलं आणि मी दारासकट रस्त्यावर. गळ्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. त्या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी रिक्षा करून दवाखान्यात नेलं. वाटेत एकच वाक्य दहादा म्हणाले, 'दिसलाच नाहीत हो तुम्ही.' खोटं नव्हतं ते. त्यांनी बघितलंच नव्हतं. (वडील दवाखान्यात आले आणि पहिला प्रश्न विचारला, 'सायकल कुठं आहे?') मोटार चालवणारे वाचक असतील तर त्यांना एक युक्ती सांगते, हॉलंडमध्ये ही शिकवतात. दार उघडायला दाराजवळचा हात वापरायचा नाही, लांबचा वापरायचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा डाव्या हातानं दार उघडायचं. खांदा आपोआप वळतो आणि नजर आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. माझ्या जावयाला ही सवय लागायला पंधरा दिवस लागले.

कर्वे रस्त्यावर अजून दोन गोष्टी. नळ स्टॉपच्या पुलावर चढू नका, खालून जा. वर गाड्या सुसाट असतात आणि बाजूला सरायला जागा नसते. तीन फुटांचा माझा नियम शहरातल्या रस्त्यांसाठी आहे, बायपाससाठी नाही. आणि सिग्नलला बस उभी असेल तर तिच्या डाव्या अंगाला घुसू नका, मागेच थांबा. बस डावीकडे वळताना तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, आतून कापून जातं, आणि त्या आतल्या जागेत नेमकी सायकल असते. मी एकच खूण धरते: बसच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर मीही त्याला दिसत नाही.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायची भीती वाटते, असंही तुम्ही पत्रात खाली लिहिलंय. मग उजवीकडे वळूच नका. हिरव्या दिव्यावर सरळ पलीकडे जा, समोरच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकलचं तोंड उजवीकडे फिरवा आणि त्या बाजूचा दिवा हिरवा झाला की पुन्हा सरळ. एक सिग्नल जास्त जातो. तेवढ्यात पाणी पिऊन होतं.

आजी, मी आठवीत आहे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. शाळा दोन किलोमीटरवर आहे. माझे दोन मित्र सायकलनं जातात. आई म्हणते, ट्रॅफिक बघ आणि मग बोल. आईला कसं पटवू? – एक विद्यार्थी

'आजी' म्हणालास, ते सोडून देते.

आईला तोंडानं पटवायला जाऊ नकोस, ते कुणालाच जमलेलं नाही. करून दाखव. मैदानावर चुन्यानं किंवा खडूनं वीस पावलांची सरळ रेघ मार. त्या रेघेवरून सायकल चालव आणि चालवता चालवता उजव्या खांद्यावरून मागे बघ. मागे उभ्या मित्रानं किती बोटं दाखवली ते सांग. बोटं बरोबर सांगितलीस आणि चाक रेघेवरून हललं नाही, असं लागोपाठ पाच वेळा जमलं की मग आईला मैदानावर बोलाव. सायकल येणं म्हणजे पडायचं थांबणं, असं सगळ्यांना वाटतं. रस्त्यावर सायकल येणं म्हणजे चाक न डगमगता मागे बघता येणं. मोठ्या माणसांतल्या निम्म्यांना ते येत नाही. ते मागे बघतात तेव्हा हँडलही मागे बघतं.

मग दुसरी परीक्षा, एका हातानं चालवून वळायचा हात दाखवणं. तिसरी, दोन्ही ब्रेक एकदम दाबून रेघेच्या आत थांबणं. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबलास तर तू हँडलवरून पुढे जाशील.

दप्तर कॅरिअरला बांध, हँडलला लटकवायचं नाही. वळताना ते चाकात जातं. तिघं मित्र शेजारी शेजारी गप्पा मारत चालवता ना? रस्ता तुमच्या सोसायटीचा आहे का? एकामागे एक. कानात काहीही घालायचं नाही.

आता आईसाठी. ताई, मुलाबरोबर एका रविवारी सकाळी तुम्हीही त्या वाटेनं जा, आणि मग एकदा शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला. मुख्य रस्त्याऐवजी आतल्या गल्ल्यांमधून वाट काढा, ती तीन-चारशे मीटर लांब पडली तरी चालेल. कुठं उतरून सायकल हातात धरून ओलांडायचं त्या जागा ठरवून द्या. आणि शाळेच्या फाटकासमोर सकाळी जी कोंडी होते ती सायकलींची नसते, मुलांना सोडायला आलेल्या आपल्याच दुचाक्यांची आणि मोटारींची असते. पुढच्या पालकसभेत सायकल लावायच्या जागेबद्दल विचारा. पुष्कळ शाळांत शिक्षकांच्या गाड्यांना छप्पर असतं आणि मुलांच्या सायकली भिंतीला टेकून भिजत असतात.

आम्ही १९६८ पासून पुण्यात सायकल चालवली. हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत, ते घट्ट कपडे नाहीत. काही झालं नाही. आता सायकलचाही बाऊ करून ठेवला आहे. यावर आपलं म्हणणं काय? – एक ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

पत्र वाचताना मला तुमचा आवाज ऐकू आला.

आजोबा, 'काही झालं नाही' हे खरं, पण काहीच नव्हतं असं नाही. तुमच्या वेळी सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा. अंधारात दिवा नसला की पोलीस धरायचे, रॉकेलचा का होईना, पण पेटलेला दिवा हवा. डबलसीट दिसलं की खाली उतरवायचे. वडील सांगायचे, संध्याकाळी दुकानात गर्दी व्हायची ती दिव्यांच्या वातींसाठी. म्हणजे सुरक्षेचा बाऊ तेव्हाही होता, फक्त तो डोक्यावर नव्हता, हँडलवर होता. तो दिवा आता कुणी लावत नाही. त्या काळातल्या सायकली पुन्हा बघाव्याशा वाटल्या तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. नातवंडांना घेऊन जा. बाऊ आणि मजा दोन्ही दाखवता येतील.

हेल्मेटचं म्हणाल तर कायद्यानं ते मोटारसायकलला सक्तीचं आहे, सायकलला नाही. (पुणेकरांनी मोटारसायकलच्या हेल्मेटवरून किती मोर्चे काढले ते तुम्हाला ठाऊकच आहे. कदाचित तुम्ही त्यात असाल.) मी घालते. पडल्यावर डोकं आपटलं तर त्याचा उपयोग होतो. पण पडू न देण्याचं काम ते करत नाही. ते काम दिवा करतो, ब्रेक करतो आणि रस्त्यावरची तुमची जागा करते. दुकानात लोक दोन हजारांचं हेल्मेट घेऊन येतात आणि मागचा ब्रेक बघावा तर रबर झिजून लोखंड रिमला घासतंय. हेल्मेट घ्या वा घेऊ नका, आधी ते रबर बदला. जोडीला शंभर रुपयेही लागत नाहीत.

घट्ट कपड्यांबद्दल तुमच्याशी सहमत. चार किलोमीटरवरच्या मंडईत जायला पँट-शर्ट पुरतो.

रोजच्या वापराला कुठली सायकल घेऊ? साडी किंवा ओढणी असते. – पाच-सहा वाचक

जिला मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि घंटी आहे ती. दुकानात चकचकीत दिसणाऱ्या सायकलींना यातलं बहुतेक काही नसतं, आणि जाड खाचांचे टायर असतात, जे डांबरावर नुसते घुर्र आवाज करतात आणि पायांना शिणवतात. पुण्यात गिअर हवेत का? पेठांत नकोत. बावधन, कात्रज, धायरीला राहत असाल तर असू देत.

सीट बहुतेकांची फार खाली असते. पायडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवून चालवणारे महिन्याभरात गुडघे धरून येतात आणि सायकलला दोष देतात. हवा आठवड्याला भरा. किती, ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. पंक्चरवाल्याच्या अंगठ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्याही नाही. साडीला चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी, ओढणीला गाठ. बस.

पावसाळ्यात काय करायचं? – जवळजवळ सगळेच

ओल्या रिमवर रबराचे ब्रेक चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत काहीच धरत नाहीत, आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. म्हणून लवकर आणि हळूहळू दाबा. पहिल्या पावसात सांडलेलं तेल वर येतं तेव्हा सिग्नलपाशी जपून. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, चेंबरची झाकणं आणि मेट्रोच्या कामाचे लोखंडी पत्रे यांच्यावर वळू नका, ब्रेकही मारू नका, सरळ जा. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नसेल तर त्यातून जाऊ नका. आणि खडकवासला धरणातून पाणी सोडल्याची बातमी ऐकली की नदीपात्रातल्या बुटक्या भिडे पुलाचा विचार डोक्यातून काढून टाका, इतकंच.

माझ्या नवऱ्याला सायकलवरून येताना मोटारीनं उडवलं. पाय मोडला. मोटारवाला म्हणतो, सायकलला विमा नसतो, त्यामुळे काही मिळणार नाही. खरं आहे का? – एक वाचक, पिंपरी

साफ खोटं. सायकलला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही, विमाही लागत नाही, हे खरं. पण विमा त्याच्या मोटारीला सक्तीचा आहे, आणि त्या विम्यातला 'तिसरा पक्ष' म्हणजे तुमचा नवरा. मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करा, 'बरं वाटल्यावर बघू' म्हणू नका. पोलिसांत नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे सगळे कागद, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला हे सगळं एका पिशवीत जपून ठेवा. मोडलेली सायकल लगेच दुरुस्त करून घेऊ नका, आधी फोटो काढा.

आणि हे सगळ्याच वाचकांसाठी: धडक देणारा पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही, तरीही सरकारी भरपाई आहे. २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत करायचा असतो. ही रक्कम मागायला येणारे फारच थोडे, कारण ती आहे हेच माहीत नसतं.

आम्ही सात वर्षं हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहतो. माझी नऊ वर्षांची मुलगी एकटी सायकलनं शाळेत जाते. पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परत येतोय. सायकली आणाव्यात की विकून यावं? आपल्याकडे ती संस्कृतीच नाही ना. – एक वाचक

आधी व्यवहाराचं. तुमची मोठी सायकल आणा, मुलीची विका. ती दोन वर्षांत तिला लहान होणारच. टायरच्या कडेवर बारीक आकडा असतो, तो बघा. ६३५ असेल तर आपल्या काळ्या, दांडीवाल्या सायकलींचं तेच माप आहे, कुठल्याही गल्लीत टायर मिळेल. ६२२ असेल तरी मिळेल, पण जरा मोठ्या दुकानात. उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक असेल तर त्याच्या जोडीला हातातला ब्रेक बसवून घ्या; आपल्याकडे जितक्या वेळा थांबावं लागतं तितकं तिथं थांबावं लागत नाही.

आता संस्कृतीचं. हा शब्द मला जरा खटकतो. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. तेव्हा तिथंही मोटारींसाठी रस्ते रुंद करणं चाललेलं होतं, सायकल म्हणजे मागासलेपण. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांनी चळवळीचं नावच ठेवलं 'मुलांच्या हत्या थांबवा'. अपघात म्हणायलाही ते तयार नव्हते. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवायची वेळ आली, आणि रिकाम्या रस्त्यांवर लोकांना आठवलं की रस्ता असाही असतो. तुमची मुलगी आज ज्या वाटेनं शाळेत जाते ती त्यानंतर पन्नास वर्षं घासाघीस करून झालेली आहे. अजूनही चालूच आहे. अ‍ॅमस्टरडॅमनं बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली ती २०२३ च्या डिसेंबरात. तीसच का? हिशेब साधा आहे. ड्रायव्हरला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली मोटार साधारण १३ मीटरवर थांबते आणि ५० च्या वेगातली २७-२८ मीटरवर. मधल्या चौदा मीटरमध्ये तुमची मुलगी असू शकते.

आणि आपल्याकडे होतीच की संस्कृती. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते उगाच नाही. सकाळी कारखान्यांचे भोंगे झाले की आमच्या दुकानासमोरून सायकलींचा लोंढा जायचा. भाड्याच्या पंचवीस सायकली, दुपारी एकही शिल्लक नसायची. मग १९७२ मध्ये लुना आली, त्याच साली चेतकही आली. बाहेरून कुणी आणून लादल्या नाहीत, आपल्याच आसपास तयार झाल्या, आणि वडिलांनीही ऐंशी साली एक लुना घेतली. दुकानाच्या मागच्या दारानं आणायचे, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून.

रस्ता मात्र त्या गाड्यांसाठी नव्यानं आखला गेला आणि उरलेला तुकडा सायकलला मिळाला. २००६ मध्ये सातारा रस्त्याला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हापासून मी सायकल ट्रॅक बघते आहे. फुटपाथच्या कडेला, लाल रंगाचा, शंभर पावलं छान, आणि मग मधोमध विजेचा डीपी. किंवा भुर्जीची गाडी. किंवा स्कूटर शिरू नयेत म्हणून लावलेले खांब इतके जवळ, की कॅरिअरला पिशव्या लावलेली सायकलही जात नाही. स्कूटर जाते, ती फुटपाथवरून जाते. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, आठशे किलोमीटरहून जास्त मार्गांचा. कागद चांगला आहे. त्याच सुमाराला मोबाइलवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती आल्या आणि दोनेक वर्षांत नाहीशाही झाल्या. माझ्याकडे त्यांचे सुटे भाग भंगारातून अजून येतात.

ट्रॅक बांधणाऱ्यांचाही तोच घोळ आहे जो कोथरूडच्या बाईंचा आहे. सायकल म्हटलं की कडेला ढकलायची. आणि कडेला तर सगळंच ढकललेलं असतं.

तुम्ही आल्यावर करण्यासारखं एक सांगते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, २००६ पासून ही सोय आहे. अर्ज पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी निघतात. 'सायकल ट्रॅक करा' असं मोघम लिहू नका. अमुक चौकातल्या खांबांमधलं अंतर दोन फूट वाढवा, तमुक शाळेपाशी वेगरोधक टाका, उतारावरचा ट्रॅक रस्त्याला मिळतो तिथली सहा इंचांची पायरी काढून उतार करा, असं लिहा. मी भाजी मंडईच्या दारात सायकल अडकवायला लोखंडी कमानी मागितल्या होत्या. तिसऱ्या वर्षी मिळाल्या. आठपैकी सहांना आता मोटारसायकली बांधलेल्या असतात, पण दोन माझ्या आहेत.

मॅडम, माझी रात्रपाळी असते. धायरीवरून बाणेरला जातो, सायकलनं. वॉचमन आहे. एक ट्रकवाला परवा फार जवळून गेला. काय करू? – वीजबिलाच्या मागे लिहिलेला प्रश्न

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण साठ पत्रांत 'सायकल चालवू का' असं न विचारता 'चालवतोच आहे, आता काय करू' असं विचारणारे हे एकटेच. शहरात रोज सायकलवर दिसतात ते बहुतेक असेच लोक आहेत: वॉचमन, गवंडी, पेपरवाले, दूधवाले, चार घरची कामं करणाऱ्या बायका. ते कुठल्याही सायकल फेरीला येत नाहीत, कारण फेरी सुटते तेव्हा ते पाळीवर असतात किंवा झोपलेले असतात.

वीजबिलावर पत्ता होताच, तर मी निरोप पाठवला. ते एका सकाळी पाळी संपवून आले. काळी सायकल, पुढे दिवा नाही, मागचा लाल रिफ्लेक्टर फुटलेला, अंगात गडद निळा गणवेश. नव्या सायकलीला पुढे, मागे, चाकांना आणि पायडलांना रिफ्लेक्टर असायलाच हवेत असा आता नियम आहे, पण ही सायकल तुमच्या-माझ्याइतकी जुनी.

भाऊ, तुम्ही ट्रकवाल्याला दिसलाच नाहीत. तेव्हा पैशांच्या क्रमानं सांगते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे रेडियमची पट्टी, गाड्यांच्या नंबरप्लेटवाल्याकडे मिळते, शंभराच्या नोटेत सायकलभर होते. (तिच्यात रेडियम नसतं; उजेड पडला की ती तो आला त्याच दिशेला परत फेकते, म्हणून ट्रकच्या दिव्यात पेटल्यासारखी दिसते.) मागच्या मडगार्डला लाल, पुढच्या फाट्याला पांढरी, आणि दोन्ही पायडलांना पिवळी नक्की लावा. पायडलं वर-खाली होतात, आणि लांबून वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की ड्रायव्हरला कळतं, सायकल आहे. नुसता एक स्थिर ठिपका म्हणजे खांबही असू शकतो. मग मागे लाल, लुकलुकणारा दिवा, पुढे पांढरा. चार्जिंगचे घ्या, तुमच्या केबिनमध्ये रात्री चार्ज होतात. पुढचा दिवा रस्त्याकडे झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत नको.

आणि तुम्हालाही तेच सांगते, कडेला चिकटू नका. अंधारात तर अजिबातच नाही, कडेचा खड्डा तुम्हालाही दिसत नाही. बायपासचा सेवा रस्ता धरा, मुख्य पट्ट्यावर जाऊ नका, आणि मागून मोठी गाडी येतेय असं वाटलं आणि ती वेग कमी करत नाही असं दिसलं, तर मान राखायच्या भानगडीत न पडता खाली उतरून बाजूला उभे राहा.

पट्ट्या मी तिथंच लावून दिल्या, पैसे घ्यायला त्यांनी भाग पाडलं. पुढच्या रविवारी हवा भरायला परत आले तेव्हा उरलेली पट्टी त्यांनी डब्याच्या पिशवीला शिवून घेतली होती, बायकोच्या हातची बारीक टीप. म्हणाले, 'पिशवी कॅरिअरला लावली की मागचा दिवा झाकला जातो ना, म्हणून.' हे मला सुचलं नव्हतं.